लोणच्याच्या बरणीने मोजलेला दम

मी एक बरणी. काचेची, रुंद तोंडाची, पाच लिटर पोटाची. माझ्या अंगावर लाल नेलपॉलिशच्या आडव्या रेघा आहेत. कितीही घासलं तरी पोटाला अजून मोहरीचा वास येतो. ज्याला तो सोसत नसेल त्याने नाक धरावं. माझ्यात फुंकायचं ते नाक धरूनच, त्यामुळे सोय आहे.

मी माणसांचा दम मोजते. हे मला कुणी शिकवलेलं नाही. वर्गात टेबलावर पालथी पडून ऐकलं आणि ध्यानात ठेवलं. स्वतःच्या हिमतीने शिकलेल्याला जो ताठा असतो तो माझ्यात आहे, आणि तो मी झाकत नाही. आधीच काचेची, झाकणार काय?

माझा जन्म कुठल्या तरी लांबच्या भट्टीतला. वितळलेल्या काचेचा गोळा नळीच्या टोकाला घेतात, दुसऱ्या टोकाने हवा फुंकतात, तेव्हा बरणीला पोट सुटतं. मला फुंकणारा माणूस होता की यंत्र, ते आठवत नाही. मी तेव्हा फार तापलेली होते. पण माझ्या पोटात सगळ्यात आधी शिरली ती हवा, एवढं नक्की. टोस्ट, लोणचं, पाणी हे सगळं मागून आलं.

टोस्ट आले ते भद्रावतीच्या एका बेकरीत. तिथे मी गल्ल्याजवळ बसायचे आणि लोकांचे हात बघायचे. वरचा टोस्ट सोडून तळातला ओढून काढणारी माणसं जगात फार. तळातला ताजा असतो असं त्यांना का वाटतं, ते मला आजवर उमगलेलं नाही. मग बेकरीवाल्याने हलक्या प्लास्टिकच्या बरण्या आणल्या आणि मला मागच्या फळीखाली ढकललं. पाली आणि पिठाची धूळ, एवढीच सोबत.

तिथून मला उचललं साबिराबाईंनी. त्या बेकरीवाल्याची नवी उशी पोचवायला आल्या होत्या.

"ही काऊन पडून हाये इथी?" त्यांनी विचारलं.

"जड हाये भाभी. कोनी उचलत नाई."

"मी उचलतो ना. आमच्या घरात जड बायाच टिकतेत."

उशी त्याची झाली आणि मी त्यांची. त्या दिवशी फळीखाली वाकून बघणाऱ्या त्या बाईचे उपकार मी विसरलेली नाही.

साबिराबाईंचं घर पिंजाऱ्यांचं. पुढे दुकान, मागे घर, मधे अंगण. त्यांचे मालक अयूबभाऊ रुई पिंजतात आणि गाद्या भरतात. त्यांचे आजोबा खांद्यावर धनुष्यासारखी पिंजण घेऊन खेडोपाडी तार वाजवत फिरायचे म्हणे. अयूबभाऊंकडे मोटारीवर चालणारं यंत्र आलं. लोक दबून पोळीसारखी झालेली गादी आणून टाकत. अयूबभाऊ ती उसवायचे, आतली रुई यंत्रात घालून फुलवायचे आणि नव्या खोळीत भरून लांब सुईने टाके घालायचे. रुई फुलली की सावरीची बोंडं फुटल्यासारखी घरभर उडायची. अयूबभाऊंच्या पापण्यांवर बसायची, चहात पडायची, माझ्या झाकणावर थर धरायची. तोंडाला गमछा बांधायची त्यांची पद्धत होती, पण बोलायला लागले की तो हनुवटीवर यायचा, आणि अयूबभाऊ गप्प कधी बसत नसत.

माझ्या पोटात आंब्याचं लोणचं मुरत होतं आणि मी जाळीच्या कपाटातून घर बघत होते. घरातलं बोलणं म्हणजे हिंदी-मराठीची खिचडी. मी सांगते ते माझ्या कानाला लागलं तसं.

एक गोष्ट मला लवकर दिसली. अयूबभाऊंची छाती शनिवारी धरायची. शुक्रवारी दुकान बंद. माणूस नमाजला जायचा, जेवून झोपायचा, ताजातवाना दिसायचा. शनिवारी यंत्र सुरू झालं की दुपारपर्यंत छातीवर कुणी गादी टाकल्यासारखा बसून राहायचा. रविवारी जरा बरं, सोमवारी आणखी बरं. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

घराने यावर विचार केला आणि गुन्हेगार शोधून काढला. दालचा.

शुक्रवारी साबिराबाई दालचा करायच्या. डाळीचा, दुधी घातलेला, चिंचेचा, मटणाचा. सगळ्या मोहल्ल्यात त्याचं नाव होतं. "जुम्याले खातो आन शनिवारी भोगतो," अयूबभाऊ म्हणायचे. "वजनी पडते छातीवर." मग दालच्यातलं तेल कमी झालं, मग चिंच गेली, मग मटण गेलं आणि शेवटी दालचाच गेला. शुक्रवारी घरात मुगाची खिचडी शिजू लागली. साबिराबाई ती खिचडी ज्या रीतीने ताटात आपटायच्या त्यावरून मला सगळं कळायचं. शनिवार मात्र होता तसाच राहिला.

"भद्रावतीत कोनाले खोकला नाई?" अयूबभाऊ म्हणायचे. "कोयशाच्या खदानीचं गाव हाये."

त्यांची मुलगी आफ्रीन गावातल्याच शाळेत विज्ञान शिकवते. लोणचं संपत आलं त्या हिवाळ्यात तिने मला कपाटातून काढलं, उरलेल्या फोडी वाटीत घेतल्या आणि मला घासायला बसली.

"लोणच्याची बरणी शाळेत नेतेत का कोनी?" साबिराबाई म्हणाल्या.

"फेफडा मोजाचा आहे, अम्मी."

"मंग फेफड्यालेही वास लागंल."

आफ्रीनने अर्धा अर्धा लिटर पाणी ओतत माझ्या अंगावर रेघा ओढल्या. शाळेत मला पाण्याने गच्च भरलं, तोंडावर ताटली धरून टबात उलटं केलं आणि एक रबरी नळी माझ्या तोंडात सरकवली. नळीच्या दुसऱ्या टोकाला प्रत्येक मुलीने आपापला पपईच्या पानाचा वाळवलेला देठ खोचायचा. तो पोकळ असतो. एकीचा उष्टा दुसरीला नको म्हणून ही युक्ती. फुंकलं की हवा माझ्यात चढायची आणि तेवढं पाणी खाली टबात उतरायचं. रेघ वाचली की दम कळला.

आधी आफ्रीनने नेहमीचा साधा श्वास सोडायला लावला. पाणी जेमतेम एक रेघ उतरलं. मुली हिरमुसल्या. "मॅडम, येवढाच?" येवढाच. दिवसभर माणूस अर्ध्या लिटरवर चालतो. मग तिने सांगितलं, आता छाती भरून घ्या, आणखी घ्या, आणि पार खालपर्यंत सोडा. तेव्हा पाच रेघा उतरल्या, सहा उतरल्या. कबड्डी खेळणाऱ्या एका मुलीने सातवी गाठली आणि टबाकडे असं बघितलं जणू तो तिच्या बापाचा तलाव आहे. साध्या श्वासाच्या वर एक साठा असतो, खाली एक साठा असतो. धावताना, रडताना, दळण डोक्यावर घेताना तो कामी येतो. बाकी वेळ माणूस त्याला हातही लावत नाही. मला हे ऐकून माणसांची कीव आली. घरात एवढं असून अर्ध्या लिटरवर जगतात.

"सगळं सोडलं की आत रिकामं होते का?" एकीने विचारलं.

"नाही," आफ्रीन म्हणाली. "लिटरभर तरी हवा आत उरतेच. ती कितीही जोर केला तरी बाहेर येत नाही. ती असते म्हणून फुप्फुस पिचकत नाही."

"मंग ते बरणीत कशी मोजाची?"

"बरणीत नाही मोजता येत. मोठ्या दवाखान्यात एक निरुपद्रवी वायू मोजून श्वासात देतात आणि तो किती फिका झाला ते बघतात. ग्लासात आधी किती पाणी होतं ते माहीत नसलं, तर त्यात चमचाभर सरबत टाकून गोडी बघायची. जितकं फिकं तितकं पाणी जास्त. तसंच."

मला मोजता येत नाही असंही काही असतं, हे त्या दिवशी भर वर्गात माझ्यासमोर सांगितलं गेलं. मी ते मान खाली घालून ऐकलं. उलटी असल्यावर दुसरं करणार काय.

आता खरी गोष्ट.

सिंदेवाहीकडच्या एका खेड्यातले वारलूभाऊ हे अयूबभाऊंचे जुने स्नेही. धानाची शेती. त्यांच्या चंदाचं लग्न ठरलं होतं, वैशाखात. पोरीबरोबर गाद्या-रजया द्यायच्या, आणि त्या अयूबभाऊंच्याच हातच्या, असं चंदा पाळण्यात होती तेव्हाच ठरलेलं. वारलूभाऊ गाद्यांचं माप सांगायला आले ते नव्या धानाचं पोतं घेऊनच आले. पोतं अंगणात टेकवलं आणि खाटेवर बसले.

तोवर अयूबभाऊंना दुकानातून अंगणात यायला मधे थांबावं लागत होतं. थांबले की ते खांबाला हात लावून छताकडे बघायचे, जणू कौलं तपासत आहेत. आफ्रीन रोज म्हणायची, चंद्रपूरला दाखवू. त्यांचं उत्तर ठरलेलं.

"चंदाच्या गाद्या झाल्याशिवाय मी कुठी जात नाई. जबान देल्ली हाये."

त्या दिवशी रविवार होता आणि मी शाळेतून घरी आलेली. आफ्रीनने टब अंगणात ठेवला.

"अब्बा, शर्त लावा. सहावी रेघ गाठली तर मी दवाखान्याचं नाव काढणार नाही. नाही गाठली तर उद्या चंद्रपूर."

अयूबभाऊ हसले. पपईचा देठ तोंडात धरला, चिमटीत नाक धरलं, छाती भरली आणि फुंकू लागले.

मी काय सांगू. हवा आली ती धाग्यासारखी. एक एक बुडबुडा, बारीक, मोहरीएवढा, वर चढत होता आणि पाणी इतकं हळू उतरत होतं की मलाच झोप यावी. त्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या. चेहरा काळानिळा होत गेला, पण माणूस थांबेना. दुसरी रेघ, तिसरी, चौथी. साबिराबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पाचवी. आणि शेवटी, बऱ्याच वेळाने, सहावी.

अयूबभाऊंनी देठ काढला. बराच वेळ त्यांना बोलता आलं नाही. मग म्हणाले, "झालं?"

"झालं नाई त काय," वारलूभाऊ म्हणाले. "पायली भरली म्हंजे भरली. बेटा, आता बापाले छळू नको."

त्यांच्याकडे धान पायलीने मोजतात. पायली भरली का, एवढंच बघायचं. किती वेळात भरली, हे आजवर कुणी कुणाला विचारलेलं नाही. अंगणातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पायलीसारखंच बघितलं. मी सांगत होते, बुडबुड्यांच्या आवाजात सांगत होते. पण बुडबुड्यांची भाषा कुणाला येते? माझी रेघ खरी होती. त्यांनी विचारलेला सवाल अर्धा होता.

आफ्रीन हरली. तिच्या बापाने विजयाने गमछा झटकला.

मग वारलूभाऊंना हुक्की आली. "मीबी पाह्यतो. लोनच्याचा वास तरी घेतो." त्यांना नवा देठ दिला, मला पुन्हा भरलं. वारलूभाऊंनी श्वास घेतला आणि सोडला, तो असा की नळी टबात उसळली, बुडबुडे भसाभसा चढले आणि पाणी टबाबाहेर उडून साबिराबाईंच्या पायावर पडलं.

"अगा बाप्पा, म्हैस हाये का मानूस," त्या म्हणाल्या.

सगळे हसले. आफ्रीन हसली नाही. ती ओल्या जमिनीकडे बघत होती.

"अब्बा, आणखी एकदा."

"शर्त संपली, बेटा."

"एकदा फुंकल्यानं घर बुडते का?" साबिराबाई म्हणाल्या. "फुका."

या वेळी आफ्रीनने रीत बदलली. नळी अम्मीच्या हातात दिली. मोबाईलमधलं घड्याळ समोर धरलं. फुंकणाऱ्याने सगळा जोर लावून एकदम सोडायचं आणि एक सेकंद झाला की आफ्रीन टाळी वाजवणार. टाळी वाजली की अम्मीने नळी चिमटायची. पहिल्या झटक्यात जेवढं येईल तेवढंच धरायचं.

आधी वारलूभाऊ. टाळी वाजली तेव्हा पाणी पाच रेघा उतरलं होतं.

मग अयूबभाऊ. त्यांनी जीव काढला. टाळी वाजली, साबिराबाईंनी नळी चिमटली.

दोन रेघा. तिसरीला पाणी शिवलंही नाही.

साबिराबाईंनी नळी सोडली नाही. चिमटून धरूनच उभ्या राहिल्या.

"पानी थंड होतं," अयूबभाऊ म्हणाले.

वारलूभाऊ खाटेवरून उठले आणि आपल्या पोत्यापाशी गेले. पोत्याचं तोंड सुतळीने शिवलेलं होतं. त्यांनी कडेच्या दोन टाक्यांमधे बोट घातलं तशी धानाची बारीक धार सुरू झाली.

"अयूबभाऊ, मघा मी चुकीचं बोललो. धान हाये तुमच्याकडं. पोतंभर हाये. पन तोंड शिवलं हाये. असं सांडत राह्यलं त सांजपर्यंत पायली भरनच. पन भूक लागली तवा दाना कुठून येनार?"

अयूबभाऊ धानाकडे बघत राहिले. जन्मभर टाके घातलेला माणूस, शिवलेलं तोंड म्हणजे काय ते त्याला कुणी समजवायला नको होतं.

"गाद्या?" ते हळूच म्हणाले.

"माझी पोरगी चटईवर झोपंल. तुमचा दम कोंडून भरलेल्या गादीवर तिले झोप येईन का?"

दुसऱ्या दिवशी बापलेक एसटीने चंद्रपूरला गेले. मला नेलं नाही, आणि ते बरोबरच. तिथे माझा शहाणा भाऊ असतो. त्याला स्पायरोमीटर म्हणतात. नाकाला चिमटा लावून त्याच्या नळीत फुंकायचं. शेजारी एक बाई उभी राहून "छोडो, छोडो, छोडो, और छोडो" असं ओरडत होती म्हणे. अयूबभाऊंना वाटलं घरचीच आली. ते यंत्र हवा किती आली आणि किती लवकर आली, दोन्हीची एकच वळणदार रेघ काढून देतं. मग ओढायचं औषध देऊन पुन्हा फुंकवतात आणि रेघ सुधारली का ते बघतात. थोडी सुधारली. सगळी नाही.

डॉक्टरीणबाईंनी धंदा विचारला. मग विचारलं, "कोणत्या दिवशी जास्त त्रास होतो?"

"शनिवारी."

"आणि सुट्टी शुक्रवारची?"

अयूबभाऊंना वाटलं ही बाई ज्योतिष बघते. तिने सांगितलं की कापसाच्या धुळीचा हा जुना स्वभाव आहे. एक दिवस धूळ बंद राहिली की छाती सैल होते, आणि कामाच्या पहिल्या दिवशी ती पुन्हा धरते. सूतगिरणीतल्या लोकांची सुट्टी रविवारची, त्यांची सोमवारी धरते. ज्याची सुट्टी शुक्रवारची, त्याची शनिवारी.

संध्याकाळी आफ्रीनने हे अंगणात सांगितलं तेव्हा मी टबाजवळ उपडी होते. साबिराबाई कांदा चिरत होत्या. विळी थांबली.

"म्हंजे माझा दालचा?"

"दालच्याचं काही नाही, अम्मी."

त्या उठल्या, पदर खोचला आणि नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "चिंच काढली. गोश्त काढलं. बिचाऱ्या दालच्याले घरातून काढलं. आन घरात रुई उडून राह्यली ते कोनाले दिसली नाई?"

"माफ कर," अयूबभाऊ म्हणाले. "दालच्यालेबी सांग."

त्या रडायला लागल्या. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना बघितलं. ते दालच्यासाठी नव्हतं, एवढं मला, काचेच्या बाईलाही, कळलं.

चंदाच्या गाद्यांची रुई वारलूभाऊंनी वरोऱ्याहून पिंजून आणली. अयूबभाऊंनी नाकातोंडावर घट्ट मास्क लावून अंगणात उघड्यावर ती भरली आणि टाके स्वतःच्या हाताने घातले. मास्कमुळे त्यांना बोलता येत नव्हतं. मोहल्ल्यातले लोक ती शांतता बघायला मुद्दाम येऊन गेले. चंदा वैशाखात गाद्या घेऊनच सासरी गेली.

यंत्र आता विकलं आहे. दुकानात शिवलेल्या गाद्या मिळतात, पिंजण्याचं काम बाहेरून करून येतं. अयूबभाऊ सकाळ-संध्याकाळ औषध ओढतात. जी हवा गेली ती सगळी परत येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं आहे. जी आहे ती सांभाळायची. खांबाला हात लावून कौलं बघणं मात्र बंद झालं.

मी अंगणातच असते, टबाशेजारी. आंब्याचे दिवस आले तेव्हा साबिराबाई मला घ्यायला आल्या होत्या. अयूबभाऊ म्हणाले, "दुसरी बरनी घे. ही माझी हाये." एवढा मान मला बेकरीत मिळाला नव्हता.

उपकार किती जणांचे मानू? फळीखालून काढणाऱ्या बाईचे, नेलपॉलिशची बाटली माझ्यावर रिकामी करणाऱ्या तिच्या पोरीचे, स्वतःचं चुकलं हे धान सांडून सांगणाऱ्या त्या शेतकऱ्याचे. आणि भट्टीत ज्याने मला पहिली फुंकर दिली, त्याचे. ती माझ्या पोटातून कधीच निघून गेली, पण माझा आकार तिचाच आहे.

तुम्हाला एकच सांगते, आणि म्हातारीचं ऐका. छाती फुगवून दाखवू नका. फुंकून दाखवा, एका झटक्यात. सवाल पुरा विचारा, मी जबाब पुरा देईन. दम कमी भरला तर दालच्यावर ढकलू नका, डॉक्टरकडे जा. आणि कितीही फुंकलं तरी लिटरभर आत राहणारच आहे, म्हणून घाबरू नका. ते तुमचं आहे. मीसुद्धा मागत नाही.

आज शनिवार आहे. अयूबभाऊ टबासमोर पाट घेऊन बसलेत, तोंडात पपईचा देठ. आफ्रीनने टाळीसाठी हात वर धरलेत. आतून साबिराबाई विचारतात, "कालचा दालचा कसा होता, सांगतलं नाई?"

ते हाताने थांब म्हणतात. छाती भरतात. सोडतात. बुडबुडे चढतात, जुन्या मोहरीपेक्षा मोठे, आणि टाळीच्या आत पाणी तिसरी रेघ ओलांडतं.

मग अयूबभाऊ देठ काढतात आणि एका दमात विचारतात, "उरला हाये का थोडा?"